पाखरे आणि प्रार्थना

प्रश्न : पतीच्या निधनानंतर मिस्साला जाते, पण प्रार्थनेत मन लागत नाही. मुलगा पक्षी पाहायला चल म्हणतो. ही श्रद्धेपासून पळवाट तर नव्हे?
– एक वाचक, माहीम

उत्तर : मुळीच नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात, पेरणी-कापणी न करणाऱ्या पाखरांकडे पाहा असे प्रभू येशू चिंतातुरांना सांगतात, आणि तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ नुसते पाहणे नसून निरखणे असा आहे. हिवाळ्यात शिवडीच्या धक्क्यावर जा. ओहोटीच्या चिखलात चोच उलटी धरून शेवाळ गाळून खाणारे रोहित पक्षी तासभर निरखताना शब्द सुचले नाहीत, तरी ती प्रार्थनाच समजा. दुःख लगेच ओसरेल, असे मात्र मी म्हणणार नाही. दुर्बीण साधी चालेल. निघण्यापूर्वी ओहोटीची वेळ तेवढी पाहा, कारण भरतीत तो चिखल पाण्याखाली जातो.