‘अ‍ॅडजस्ट’च्या मानेवरचं जू

प्रश्न निपाणीहून आलाय. मुलाने इंग्रजीच्या पेपरात ‘प्लीज अ‍ॅडजस्ट विथ मी’ असं लिहिलं, त्यावर लाल रेघ आली. यात चूक काय, आणि या क्रियापदाला नेमका मराठी शब्द कोणता?

रेघ योग्यच आहे. इंग्रजीत या क्रियापदाच्या मुख्य वाटा दोन. एक, एखादी वस्तू हवी तशी बसवणे: ‘अ‍ॅडजस्ट द मिरर’. दुसरी, आपण स्वतः परिस्थितीला सरावणे, आणि तिथे ‘टु’ लागतो: ‘शी अ‍ॅडजस्टेड टु द कोल्ड’. या ‘टु’पुढे क्रियापद आलं तर ते ‘इंग’ घेऊन येतं. ‘अ‍ॅडजस्टेड टु लिव्हिंग इन बेळगाव’ हे बरोबर, ‘टु लिव्ह’ नव्हे. माणसापुढे ‘विथ’ लावून ‘माझ्यासाठी जरा सोसा’ हा अर्थ काढणं हा आपला देशी उद्योग आहे. लंडनच्या बसमध्ये कुणाला ‘प्लीज अ‍ॅडजस्ट’ म्हणालात तर तो बहुधा टाय सारखा करेल, जागा देणार नाही.

पण हा उद्योग आला कुठून? खानापूरच्या एसटीत तीन जणांच्या बाकावर चौथा टेकतो तेव्हा ऐका. मराठी माणूस म्हणतो, ‘जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या की वो’. कन्नड माणूस म्हणतो, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडकोळ्री’. आपला ‘घेणे’ आणि त्यांचा ‘कोळ्ळु’ एकाच कामाचे: केलेल्या गोष्टीचा भार किंवा लाभ करणाऱ्याच्याच पदरी टाकायचा. ‘जुळवून घेणे’ला कन्नडात ‘होंदिकोळ्ळु’ म्हणतात, तिथेही शेपूट तेच. इंग्रजीकडे हे शेपूट नाही. त्या मुलाने शेपूट कापलं आणि त्या जागी ‘विथ मी’ चिकटवलं. मूल चुकलं, पण त्याचं व्याकरण आपल्या मातीतलं आहे.

आता मुद्द्याचं. ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणजे ‘जस्ट’ करणे, न्याय्य करणे, असं ठासून सांगणारे शिक्षक आणि शब्दकोडीवाले अजून भेटतात. काही कोशकारही त्याच वाटेने गेलेत. मला ते मुळीच पटत नाही. या शब्दाचं जुनं फ्रेंच रूप ‘अजोस्तेर’, अर्थ ‘जवळ आणणे’. त्यामागे लॅटिन ‘अद’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘युक्स्ता’ म्हणजे ‘लगत’. न्यायवाला ‘युस्तुस’ मागाहून शिरला, कारण ऐकायला सारखा वाटला. त्याच ‘युक्स्ता’ची दुसरी लेक ‘जाउस्ट’, म्हणजे भाले रोखून दोन घोडेस्वारांनी एकमेकांवर धावून जाणे. नव्या सुनेला ‘अ‍ॅडजस्ट हो’ सांगणाऱ्या घरांनी ही बहीण ध्यानात ठेवावी.

आणि ‘युक्स्ता’ कुणाचा? जोडणे या अर्थाच्या त्याच धातूचा, ज्यातून आपला ‘युज्’ आला, योग आला, युक्त आला, युग आला. यात्रेची जत्रा होते तसं युगाचं झालं ‘जू’. म्हणजे तुमचा अ‍ॅडजस्ट आणि बैलाच्या मानेवरचं जू एका कुळातले.

जुवावर तर हे क्रियापद डोळ्यांनी दिसतं. एक बैल दांडगा, दुसरा नवखा असेल तर जाणता शेतकरी नांगराची दांडी जुवाच्या मधोमध बांधत नाही, दांडग्याकडे सरकवून बांधतो. दोन मानांत 40 इंच अंतर धरा. दांडी 2 इंच सरकली की दांडग्याची बाजू 18 इंच, नवख्याची 22. ओढ 100 किलोची असेल तर दांडग्याच्या वाट्याला 55 आणि नवख्याच्या 45. उलटीकडे सरकवली तर नवखा दमतो, मागे पडतो, जू तिरकं होतं आणि नांगराचं तास, म्हणजे चर, वाकडं जातं. शिवळा, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंना जुवात बसवलेल्या खुंट्या, मानेला घासत असतील तर तो मामला वेगळा, त्याला दांडी सरकवून उपयोग नाही. ज्याच्यात ताकद त्याने जास्त ओढायचं, हा खरा अ‍ॅडजस्ट. आपल्या बोलण्यात मात्र तो नेहमी नवख्यालाच करावा लागतो.

‘समायोजन’ शब्दाला सगळे नाकं मुरडतात. ‘अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन’ वाचून मलाही जांभई येते. पण त्यात तोच ‘युज्’ बसलाय. ज्याने कुणी हा शब्द योजला त्याने अ‍ॅडजस्टचं मूळच उचललं, कळून की न कळता ते तोच जाणे. कागदावर राहू द्या, तोंडात नको.

तोंडात एक शब्द पुरत नाही, आणि पुरवूही नये. आरसा नीट करायचा, पट्टा सैल करायचा, मागची बाकी उसाच्या बिलात वळती करून घ्यायची, माणसाशी जुळवून घ्यायचं, बाकावर सरकून घ्यायचं. टेबलाखालून जे ‘अ‍ॅडजस्ट’ होतं त्याला लाच म्हणतात, तिथे सौम्य शब्द शोधायची गरज नाही.

हां, तो पेपर. जागा मागायची होती ना? ‘कुड यू मूव्ह अप अ लिटल, प्लीज?’ एवढं लिहायला सांगा.