अमेरिकेतली एबीसी, सीबीएस, एनबीसी ही टीव्ही नेटवर्क्स बंद पडतील का?

इतक्यात नाही, पण मालकांचं मन त्यांच्यात उरलेलं नाही. एबीसी १९९६पासून डिस्नेकडे आहे. २०२३मध्ये डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी पारंपरिक वाहिन्या कंपनीच्या गाभ्याचा भाग नसतीलही, असं उघड बोलून दाखवलं. पुढे विकल्या मात्र नाहीत. सीबीएस ऑगस्ट २०२५मध्ये आपल्या मालक कंपनी पॅरामाउंटसोबत स्कायडान्स या चित्रपट कंपनीच्या हाती गेलं. एनबीसीची मालक असलेल्या कॉमकास्टने आपल्या बहुतेक केबल वाहिन्या वेगळ्या काढायचं २०२४मध्ये ठरवलं, एनबीसी ठेवलं. माझ्या मते त्यामागे थेट सामने आहेत. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे या नेटवर्क्सशी करार कागदावर २०३३च्या हंगामापर्यंत आहेत. मला खरी काळजी वाटते ती स्थानिक बातम्यांची. नेटवर्कचे कार्यक्रम गावोगावी दाखवणारी बरीचशी स्थानिक स्टेशनं वेगळ्याच कंपन्यांची असतात, आणि नेटवर्कचा प्रेक्षक आटला की कात्री तिथल्या वार्ताहरांवर चालते.