महाकाय भोपळ्याचं फळ कधी धरावं?

प्रश्न : यंदा पहिल्यांदाच ‘अटलांटिक जायंट’ भोपळा लावला आहे. मुख्य वेल दीड मीटर झाला आणि पहिली मादी कळी दिसू लागली. हीच धरू की पुढचीची वाट पाहू? फळ उतरवायला अजून ११० दिवस आहेत.

उत्तर : ही कळी खुडून टाका. दीड मीटरवर फळ धरलं की दोन नुकसानं होतात. एक तर वेलावर तेव्हा मोजकीच पानं असतात आणि उपवेल नुकते फुटत असतात. फळ एकदा पोसू लागलं की अन्न तिकडे वळतं, शेंड्याची वाढ मंदावते आणि वेल लहानच राहतो. दुसरं म्हणजे फळ बुंध्याच्या फार जवळ येतं. मोठा भोपळा कमरेएवढा उंच होतो, फुगताना स्वतःबरोबर वेलालाही वर उचलतो. बुंधा जवळ असेल तर तिथली मुळं उपटली जातात किंवा वेल उभा चिरतो.

मुख्य वेलावरचं, बुंध्यापासून ३ ते ४.५ मीटरवरचं मादी फूल हे आमच्या मते सर्वांत चांगलं. तुमचा हिशोब असा बसतो : जोमात आलेला वेल दिवसाला २० ते २५ सेंमी धावतो, म्हणजे ३.५ मीटरवर पोचायला आठ-दहा दिवस. शेंड्याजवळ दिसलेली कळी उमलायला साधारण तेवढेच दिवस घेते. म्हणजे वीसेक दिवसांनी परागीभवन आणि त्यानंतर फळाला ९० दिवस. एवढे पुरेसे आहेत.

आठवडाभर उशीर झाला तर मोठं वजन हातचं गेलं, असं अनेकांना वाटतं. पण फळाची वाढ रोज सारखी नसते. पहिले दहा-बारा दिवस ती डोळ्यांत भरत नाही. साधारण २० ते ४० या दिवसांत ती कळसाला असते आणि चांगल्या वेलावरचं फळ तेव्हा रोज दहा किलोंहून जास्त वाढू शकतं. साठ-सत्तर दिवसांनंतर ती दिवसाला एक-दोन किलोंवर येते. उशिराने जे दिवस कमी होतात ते या शेपटातले. उलट त्या आठवड्यात वाढलेली पानं ऐन भराच्या दिवसांत उपयोगी पडतात. उशीर तीन आठवड्यांवर गेला तर मात्र ऐन भर लहान दिवसांत आणि गार रात्रींत सापडतो, मग वजन खरोखरच घटतं. हातात ८० दिवसच उरले असतील तर अडीच-तीन मीटरवरचं फूलही सोडू नका.

आणखी एक. ३ मीटरच्या पुढे मुख्य वेलावर येणारं प्रत्येक मादी फूल परागित करा. प्रत्येक फळ टिकतंच असं नाही. नको असलेलं काढणं सोपं, पण गेलेलं फूल परत येत नाही.

प्रश्न : परागीभवन मधमाश्यांवर सोडलं तर चालत नाही का? हाताने करायचं तर नेमकं कसं?

उत्तर : फळ मधमाश्यांनीही धरतं. पण मादी फूल एकच सकाळ उमलतं आणि त्या सकाळी माश्या आल्या नाहीत किंवा पाऊस पडला तर संधी गेली. शिवाय बी राखायचं असेल तर बाप माहीत हवा. या छंदात बियाण्याची ओळखच मुळी फळाचं वजन, उत्पादकाचं आडनाव आणि वर्ष अशी सांगतात आणि सोबत नर कोणत्या वेलाचा तेही नोंदवतात.

आदल्या संध्याकाळी वेल नीट पाहा. उद्या उमलणारी मादी कळी मिटलेल्या छत्रीसारखी घडीदार दिसते, पाकळ्यांच्या टोकांचा हिरवा रंग जाऊन पिवळा-केशरी चढलेला असतो. तिच्यावर पातळ कापडी पिशवी घालून देठाशी सैल बांधा. त्याच अवस्थेतल्या तीन-चार नर कळ्या लांब दांड्यासह कापून घरात पाण्याच्या ग्लासात ठेवा, सकाळी त्या तिथेच उमलतात.

उजाडल्यावर नर फुलाच्या पाकळ्या पूर्ण काढा. मधली दांडी अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवा. पिवळी भुकटी लागली तर पराग सुटला आहे, नाही तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. मादी फुलात कुक्षीचे, म्हणजे पराग धरणाऱ्या मधल्या भागाचे, बहुधा चार-पाच भाग असतात. प्रत्येक भागाच्या वरून आणि बाहेरच्या कडेने पराग फिरवा. एखादा भाग कोरडा राहिला तर त्या बाजूच्या बिया भरत नाहीत आणि फळ वाकडं होतं किंवा गळतं. हे काम हळुवार हाताने करा, जोराने घासलं तर कुक्षीला इजा होते. काम झाल्यावर पिशवी पुन्हा घाला आणि तारीख लिहिलेली पट्टी वेलाला बांधा, देठाला नको.

प्रश्न : पारा ३६ अंशांवर जातो आहे. परागीभवन करूनही पाचव्या दिवशी फळं पिवळी पडून गळतात. चूक कुठे होते?

उत्तर : आधी गळ कशामुळे आहे ते ओळखा. परागीभवनच नीट झालं नसेल तर फळ मुळीच वाढत नाही, फुलाच्या टोकाकडून सुकत येतं. तीन-चार दिवस वाढून मग थांबलं असेल तर बहुतेक उन्हाचा ताण असतो. जिवंत फळ तुकतुकीत दिसतं, जणू तेलाचा हात फिरवला आहे. टिकणार नाही त्याची चकाकी आधी जाते, पिवळेपणा मागून येतो.

तापमान ३२ अंशांवर गेलं की पराग लवकर निकामी होतो, म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत काम सूर्योदयालाच उरका. त्यानंतरचा आठवडाही तितकाच नाजूक. फळावर ४०-५० सेंमी उंच चार काठ्यांवर पांढरं कापड ताणा, बाजू उघड्या ठेवा. बर्फाची बाटली कापडात गुंडाळून फळाजवळ ठेवा, चिकटवू नका. पाणी पहाटे द्या. फुलं येण्याच्या सुमारास नत्रयुक्त खत थांबवा. जास्त नत्राने शेंडा धावतो आणि वेल कोवळं फळ टाकून देतो.

प्रश्न : तीन फळं धरली आहेत. एक कधी निवडायचं?

उत्तर : १५ ते २० दिवसांच्या आत. दहाव्या दिवसापासून रोज ठरावीक वेळी प्रत्येकाचा घेर मोजून लिहा. तुलना आजच्या आकाराची करू नका, वयाची करा. पहिल्याचा पंधराव्या दिवसाचा घेर दुसऱ्याच्या पंधराव्या दिवसाच्या घेराशी ताडून बघा. उशिरा धरलेलं फळ याच मोजणीत अनेकदा पुढे निघतं.

घेर उन्नीस-बीस असेल तर देठ पाहून ठरवा. देठ आणि वेल यांत जवळजवळ काटकोन हवा. कोन अरुंद असेल तर फुगणारा खांदा वेलाला भिडतो आणि देठ फाटतो. असं फळ ठेवावं लागेल असं वाटलं तर निवडीची वाट न पाहता सुरुवातीपासूनच रोज दुपार टळल्यावर, वेल जरा मऊ असताना, चार-पाच अंश वळवत न्या. फळाच्या दोन्ही बाजूंच्या दोन-तीन पेरांवरची मुळं आधीच सोडवून ठेवा, म्हणजे वेल मोकळेपणी वर उचलला जाईल. फळ दहा दिवसांचं होईपर्यंत हे उरकायला हवं, पुढे देठ ताठर होतो आणि वळवताना मोडतो.