टेम्प्लेट आहे, पण इमेज नाही

पत्र (संक्षेपाने): मी संगणक अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असून सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राची तयारी करतो आहे. १६ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर ईव्ह-एनजी (आभासी नेटवर्क लॅब उभारण्याचे सॉफ्टवेअर) बसवले आहे. लॅबमध्ये फोर्टिगेट फायरवॉल कसा आणायचा, हे एआय चॅटबॉटला विचारले आणि त्याने सांगितलेल्या नावाचे फोल्डर केले. तीन रात्री गेल्या, तरी फायरवॉल वापरता आला नाही. नंतर मित्राने एआय थेट लॅबशी जोडून दिला. आता तो उपकरणांची लांबलचक यादी दाखवतो, पण त्यातली बरीचशी सुरूच होत नाहीत. वडील म्हणतात, नेटवर्किंग यापुढे एआयच करणार, तेव्हा तू एआयचाच कोर्स कर. मी काय करावे?

उत्तर:

प्रिय विद्यार्थिमित्र,

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता येणे हाच तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग आहे, म्हणून आधी लॅबकडे वळतो.

पहिल्या वेळी एआयने तुमची लॅब पाहिलीच नव्हती. त्याने स्मरणातून, नेहमीच्या ठाम सुरात उत्तर दिले. ईव्ह-एनजीमध्ये क्यूएमयू (आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर) प्रकारच्या इमेजच्या, म्हणजे उपकरणाचे खरे सॉफ्टवेअर असलेल्या डिस्क-फाइलच्या, फोल्डरचे नाव टेम्प्लेटने (उपकरणाच्या साच्याने) ठरवलेल्या शब्दाने सुरू व्हावे लागते, त्यापुढे संयोगचिन्ह आणि मग आवृत्ती येते. फोर्टिगेटसाठी हा शब्द उत्पादनाचा नसून कंपनीचा, म्हणजे ‘फोर्टिनेट’ असा आहे. तुमच्या फोल्डरचे नाव ‘फोर्टिगेट’ने सुरू होत होते. माणसालाही तेच स्वाभाविक वाटले असते, पण सॉफ्टवेअर स्वाभाविकतेला मानत नाही. आतल्या डिस्कच्या फाइलचे नावही ठरलेले असते (इथे ‘व्हर्टिओए’), आणि फाइल ठेवल्यावर परवानग्या दुरुस्त करणारी आज्ञा चालवावी लागते. हे सारे ज्या डिरेक्टरीत घडते तिच्या नावात ‘युनेटलॅब’ हे प्रकल्पाचे जुने नाव आजही टिकून आहे. नवखे विद्यार्थी तिथेही गोंधळतात.

दुसऱ्या वेळी एआयने खरोखर लॅबला विचारले आणि मिळालेले उत्तर खरेच होते. चूक ते वाचण्यात झाली. टेम्प्लेट म्हणजे उपकरणाचा साचा: किती रॅम, किती प्रोसेसर, किती इथरनेट पोर्ट, कन्सोल कोणत्या प्रकारचा आणि क्यूएमयूला कोणते पर्याय द्यायचे, एवढे सांगणारी यामल प्रकारची साधी मजकूर-फाइल. असे साचे ईव्ह-एनजीसोबत मोठ्या संख्येने येतात. इमेज मात्र, परवान्याच्या कारणामुळे, तुम्हालाच आणावी लागते. एपीआयकडे (प्रोग्रॅमने लॅबशी थेट बोलण्याच्या सोयीकडे) यादी मागितली की इमेज नसलेल्या टेम्प्लेटच्या नावाला ‘मिसिंग’ ही खूण जोडलेली येते, आणि वेब पडद्यावर ती नावे करड्या रंगात दिसतात. तुमच्या मित्राच्या जोडणीत ही खूण बहुधा गाळली गेली असावी, किंवा एआयने तिच्याकडे दुर्लक्ष केले असावे. त्यामुळे एआयला ‘कोणकोणती उपकरणे आहेत’ एवढेच विचारू नका. ज्यांची इमेज हजर आहे अशीच टेम्प्लेट्स मागा, आणि निवडलेल्या एका टेम्प्लेटचा पूर्ण तपशील वेगळा मागा. त्यात उपलब्ध इमेजची यादीही येते.

हा तपशील हाताशी असला की हिशेब करता येतो. कॅटॅलिस्ट ८०००व्ही राउटरला किमान ४ जीबी रॅम लागते, म्हणजे तुमच्या संगणकावर असे चार राउटर ठेवले तर खुद्द ईव्ह-एनजीसाठी काहीच उरत नाही. शिवाय टेम्प्लेटमध्ये लिहिलेले सारेच परवाना देतो असेही नाही. फोर्टिगेटच्या आभासी आवृत्तीच्या मोफत चाचणी परवान्यात तीनच इंटरफेस (पोर्ट) आणि तीनच फायरवॉल पॉलिसी मिळतात. टेम्प्लेटने चौथा पोर्ट दाखवला म्हणून त्यावर आराखडा बेतू नका. इमेज कुठून तरी उतरवून घेण्याच्या मोहातही पडू नका. व्हायओएसची रोलिंग आवृत्ती आणि मायक्रोटिकचे सीएचआर ही आभासी राउटरची सॉफ्टवेअर अधिकृतपणे मोफत मिळतात (सीएचआरच्या मोफत परवान्यात प्रत्येक इंटरफेसचा अपलोडचा वेग १ एमबीपीएसपर्यंतच असतो, पण राउटिंग शिकायला तो पुरतो), आणि सिस्कोच्या सीएमएल या लॅब-सॉफ्टवेअरची पाच नोडपर्यंतची (लॅबमधल्या पाच उपकरणांपर्यंतची) मोफत आवृत्तीही आहे.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे येतो. ते पूर्ण चूक नाहीत. आज्ञा पाठ असणे एवढ्याच भांडवलावर पूर्वी जी कामे मिळत, ती यापुढे कमी होतील, असे मलाही वाटते. पण एआयला एखाद्या यंत्रणेशी जोडणारे साधन लिहायचे तर त्या यंत्रणेने दिलेल्या उत्तरातला कोणता शब्द गाळून चालणार नाही, हे आधी कळावे लागते. तुमच्या मित्राला जोडणी जमली. ‘मिसिंग’चा अर्थ त्याला माहीत नव्हता. ही उणीव पायथन शिकून भरत नाही, ती नेटवर्किंग शिकून आणि लॅबमध्ये हात काळे करूनच भरते. म्हणून माझा सल्ला असा आहे की सीसीएनए सोडू नका आणि एआयचा वेगळा महागडा कोर्सही आत्ता घेऊ नका. रोज तासभर पायथनला द्या आणि तुमच्याच लॅबच्या एपीआयमध्ये लॉगिन करून टेम्प्लेट्सची यादी आणणारी, इमेज आहे की नाही हे शेजारी दाखवणारी एक छोटी स्क्रिप्ट स्वतः लिहा. ती नीट चालू लागल्यावर तीच मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमार्फत एआयला साधन म्हणून द्या. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला हा प्रोटोकॉल अशाच जोडणीसाठी आहे.

सुरुवातीला एआयला फक्त वाचण्याची साधने द्या; नोड तयार करण्याची आणि पुसण्याची नकोत. घरच्या लॅबमध्ये चुकून पुसलेला राउटर पुन्हा उभा करता येतो, पण नोकरीत हीच सवय तुमच्यासोबत येणार आहे. ईव्ह-एनजीचा मूळ पासवर्डही अजून बदलला नसेल तर आजच बदला.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रासोबत ही स्क्रिप्ट न्या आणि फोर्टिगेटच्या फोल्डरची गोष्ट न लपवता सांगा. वडिलांनाही, शक्य असेल तर, एकदा पडद्यासमोर बसवून एआयने तोंडी सांगितलेले नाव आणि लॅबने दिलेली यादी शेजारी शेजारी दाखवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक