एका युनिटमध्ये ‘एन’ आलं, म्हणजे बीटेक बुडालं का?

जानेवारीत झालेल्या परीक्षांचे निकाल मार्चमध्ये लागतात आणि पुढचे काही आठवडे पालक माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: मुलाला एका युनिटमध्ये ‘एन’ मिळालंय, आता सगळं बुडालं का? मी इंग्लंडमधल्या एका कॉलेजात करिअर समुपदेशक आहे. इकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये ही धास्ती मला जरा जास्तच दिसते. आपण वाढलो ते ‘एक विषय राहिला म्हणजे नापास’ या हिशोबात. बीटेकचा हिशोब तसा चालत नाही. (इथलं बीटेक म्हणजे अकरावी-बारावीच्या वयात करायचा व्यावसायिक अभ्यासक्रम. इंजिनिअरिंगच्या बी.टेक. पदवीशी त्याचा काही संबंध नाही. युनिट म्हणजे त्यातला एकेक विषय, आणि ‘एन’ म्हणजे पासच्या खालोखालचा ग्रेड.)

गेल्या काही वर्षांतली एक केस सांगते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही.

मुलगा बिझनेस विषयात बीटेकचं एक्स्टेंडेड सर्टिफिकेट (एका ए-लेव्हलएवढं बीटेक) करत होता आणि जोडीला दोन ए-लेव्हल, म्हणजे इथल्या बारावीच्या पातळीचे विषय. निकाल लागून आठवडा झाला तरी त्याने घरी सांगितलं नव्हतं. आईला कळलं ते कॉलेजच्या ईमेलवरून. तिघंही माझ्यासमोर येऊन बसले तेव्हा वडिलांच्या हातात कागद होता. चार युनिटच्या ग्रेडना त्यांनी आपल्या मनाने टक्के दिले होते, त्यांची सरासरी काढली होती आणि ती पन्नाशीच्या आसपास आली होती. “मॅडम, मला स्वतःला इंजिनिअरिंगला एटीकेटी लागली होती. एक वर्ष काय गेलं, त्याची बोलणी अजून डोक्यातून जात नाहीत. याच्या बाबतीत तसं नको,” ते म्हणाले. मुलगा खाली मान घालून बसला होता.

मी तो कागद बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. अशा वेळी धीर देणारी चार वाक्यं बोलण्यापेक्षा सगळ्यांसमोर बेरीज करून दाखवणं जास्त उपयोगी पडतं, असा माझा अनुभव आहे. आकडे दिसले की माणूस शांत होतो. निदान नेमकं कशाची काळजी करायची ते तरी त्याला कळतं.

२०१६ पासूनच्या बीटेक नॅशनलमध्ये प्रत्येक युनिटला शिकवण्याचे ठरावीक तास असतात: ६०, ९० किंवा १२०. ग्रेडचे गुण त्या तासांच्या प्रमाणात मिळतात. ६० तासांच्या युनिटला पास असेल तर ६, मेरिटला १०, डिस्टिंक्शनला १६. ९० तासांना ९, १५, २४. १२० तासांना १२, २०, ३२. बाहेरून तपासल्या जाणाऱ्या युनिटमध्ये पासच्या खाली आणखी एक पायरी असते. तिचं नाव नियर पास, म्हणजेच ‘एन’. तिचेही गुण मिळतात: तासांप्रमाणे ४, ६ किंवा ८. म्हणजे ‘एन’ शून्य नव्हे. शून्य मिळतं ते ‘यू’ला, म्हणजे ‘एन’च्याही खाली राहिलं तर.

सरासरी चुकते ती इथे. एक तर सगळी युनिटं सारख्या वजनाची नसतात, आणि पायऱ्याही सारख्या नसतात. पासवरून मेरिटवर जाताना जितके गुण वाढतात, त्याच्या दीडपट मेरिटवरून डिस्टिंक्शनवर जाताना वाढतात.

मग मुलालाच म्हटलं, “तू सांग, मी लिहिते.” युनिट १, एक्सप्लोरिंग बिझनेस, ९० तास, डिस्टिंक्शन: २४. युनिट २, मार्केटिंग कॅम्पेन, ९० तास, मेरिट: १५. युनिट ३, पर्सनल अँड बिझनेस फायनान्स, १२० तास, एन: ८. चौथं ऐच्छिक युनिट भरतीप्रक्रियेचं, ६० तास, डिस्टिंक्शन: १६. बेरीज ६३.

एक्स्टेंडेड सर्टिफिकेट एकूण ३६० तासांचं असतं. त्यात ३६ गुणांना पास, ५२ ला मेरिट, ७४ ला डिस्टिंक्शन आणि ९० ला डिस्टिंक्शन स्टार. ६३ म्हणजे मेरिट. ज्या निकालाला घरात आठवडाभर नापास समजलं जात होतं, तो त्या क्षणी मेरिटचा निकाल होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील मात्र बेरीज पुन्हा तपासत होते, आणि मला ते आवडलं. तपासावीच.

पण एवढ्यावर सोडून दिलं असतं तर ते अर्धवट झालं असतं. विद्यापीठाची ऑफर काय आहे, हे न बघता ग्रेडला काही अर्थ नाही. त्याची ऑफर युकासच्या (इथल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या मध्यवर्ती संस्थेच्या) ११२ गुणांची होती, म्हणजे तेवढे गुण झाले तर प्रवेश. या बीटेकच्या मेरिटला युकासचे ३२ गुण मिळतात, डिस्टिंक्शनला ४८. ए-लेव्हलच्या बी ग्रेडला ४० आणि सीला ३२. त्याचा ए-लेव्हलचा अंदाज होता एक बी आणि एक सी, म्हणजे ७२. मेरिटचे ३२ धरले तर १०४, म्हणजे आठ गुण कमी. डिस्टिंक्शन झालं तर १२०. किंवा बीटेक आहे तिथेच राहू दे आणि सीचा बी होऊ दे, तर नेमके ११२.

वडिलांनी लगेच विचारलं, “मग युनिट २ आणि ३, दोन्ही परीक्षा पुन्हा देऊ दे ना! ट्यूशन लावतो.”

तेव्हा आम्ही पुन्हा कागदाकडे वळलो. युनिट १ आणि ऐच्छिक युनिट यांत तो आधीच वरच्या टोकाला होता, तिथे मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. युनिट २ मेरिटवरून डिस्टिंक्शनवर नेलं तर ९ गुण वाढतील, बेरीज ७२. मोठी मेहनत, आणि तरीही निकाल मेरिटच, दोन गुणांनी चुकलेला. युनिट ३ ‘एन’वरून मेरिटवर नेलं तर १२ गुण वाढतात, बेरीज ७५, डिस्टिंक्शन. तिसरा मार्ग दोन्ही देण्याचा: युनिट ३ मध्ये नुसता पास आणि युनिट २ मध्ये डिस्टिंक्शन झालं तर ७६. आकड्यांत शेवटचे दोन मार्ग डिस्टिंक्शनपर्यंत पोचत होते. पण मे-जूनमध्येच त्याच्या दोन्ही ए-लेव्हलच्या परीक्षा होत्या, आणि हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

एवढा वेळ मुलगा फारसं बोललाच नव्हता. मी त्याला विचारलं, फायनान्सचा पेपर नेमका कुठे गेला? त्याने अगदी स्पष्ट सांगितलं. ब्रेक-इव्हन, कॅश फ्लो, रेशो ही गणितं येत होती. पण आकडे काढून झाल्यावर ‘या कंपनीने काय करावं’ असं विचारणाऱ्या मोठ्या प्रश्नांना तो दोन ओळी लिहून पुढे गेला होता. ज्याला आपली चूक इतकी नेमकी माहीत आहे त्याला नुसतं ‘अभ्यास कर’ म्हणण्यात काही हशील नाही. त्याच्या शिक्षकांशी बोलून आम्ही ठरवलं: फक्त युनिट ३ पुन्हा द्यायचं आणि त्यातही भर मोठ्या उत्तरांवर. उरलेला सगळा वेळ ए-लेव्हलला. खासगी ट्यूशन नको, असं मुलानेच सांगितलं. वडिलांनी जरा वेळ घेतला, पण मान्य केलं.

आईला मी दारापाशी थांबवून एकच विनंती केली. घरी या विषयावर बोलताना ‘नापास’ हा शब्द वापरू नका. तो खरा नव्हता म्हणून तर नकोच, आणि त्याच शब्दाच्या भीतीने मुलगा आठवडाभर गप्प राहिला होता म्हणूनही नको. पुढच्या वेळी काही बिनसलं तर ते त्याने पहिल्या दिवशी घरी सांगायला हवं. माझ्या लेखी ते डिस्टिंक्शनपेक्षा मोठं आहे.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. युनिट ३ मध्ये पास: १२ गुण, बेरीज ६७. बीटेक मेरिटच राहिलं. ६३ काय आणि ६७ काय, विद्यापीठाला फक्त ग्रेड दिसतो. पण ए-लेव्हलचा सी बी झाला होता. ४०, ४० आणि ३२ मिळून बरोबर ११२, आणि प्रवेश पक्का झाला. फोन वडिलांचा आला, आणि बेरीज त्यांनीच मला सांगितली.

दरवर्षी विचारल्या जाणाऱ्या आणखी दोन गोष्टी इथेच लिहून ठेवते. डिस्टिंक्शन स्टारचं स्वप्न बघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की अशी चार युनिटं असतील तर जास्तीत जास्त बेरीज ९६ होते. ६० तासांच्या युनिटमध्ये एक मेरिट आलं तर ९० होतात आणि स्टार टिकतो. तेच मेरिट ९० तासांच्या युनिटमध्ये आलं तर ८७, आणि स्टार जातो. कॉलेजात तपासल्या जाणाऱ्या युनिटमध्ये मेरिटचे सगळे निकष पूर्ण झाल्याशिवाय मेरिट मिळत नाही. एक जरी राहिला तरी पूर्ण युनिट पासवर थांबतं. म्हणून असाइनमेंट देण्याआधी निकषांची यादी समोर ठेवून एकेक तपासा.

आणि ‘यू’ आला असेल तर मात्र थांबू नका. अनिवार्य युनिट बाहेरून तपासलं जाणारं असेल तर निदान ‘एन’ लागतो, कॉलेजात तपासलं जाणारं असेल तर पास. ते नसेल तर बाकीची बेरीज कितीही मोठी असो, सर्टिफिकेट मिळत नाही. त्याच आठवड्यात शिक्षकांना गाठा आणि पुन्हा बसण्यासाठी नाव नोंदवायची तारीख विचारा. माझ्यासारख्या कुणाकडे येणार असाल तर युनिटांची तासांसकट यादी आणि विद्यापीठाचं ऑफरचं पत्र सोबत आणा. तुमच्या अभ्यासक्रमाचं पिअर्सनचं (बीटेक चालवणाऱ्या संस्थेचं) स्पेसिफिकेशन, म्हणजे नियमपुस्तिकाही आधी बघून ठेवा, कारण डिप्लोमा आणि एक्स्टेंडेड डिप्लोमा या मोठ्या बीटेकचे टप्पे वेगळे आहेत, आणि २०२५ पासून काही विषयांत आलेल्या नव्या बीटेकना वर दिलेले आकडे लावू नका.