व्हीपीएन हिरवं दिसतं, पण ऑफिसचं फोल्डर उघडत नाही

प्रश्न : दादा, मी मनीषनगरला राहते, ऑफिस मिहानमध्ये, मधूनमधून घरून काम असतं. जुनं कनेक्शन काढून नवीन फायबर घेतलं तेव्हापासून ताप झालाय. घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन कनेक्ट होऊन राहिलं, हिरवी खूण येते, मेलसुद्धा उघडतो, पण सर्व्हरवरचं अकाउंट्सचं फोल्डर काही केल्या उघडून नाही राहिलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतलं की तेच फोल्डर लगेच उघडतं. कॉम्प्युटरवाला म्हणतो विंडोज नवीन टाकून देतो. टाकू का?

उत्तर : नका टाकू ताई, पैसे जातील आणि त्रास तसाच राहील. हॉटस्पॉटवर चालतं म्हणजे तुमचा कॉम्प्युटर, पासवर्ड, ऑफिसचा सर्व्हर सगळं धड आहे, घोळ तुमच्या घरच्या राउटरपाशी आहे. मेल उघडतो त्यावर जाऊ नका, तो बरेचदा व्हीपीएनमधून न जाता सरळ इंटरनेटवरूनच येतो.

आता बघा, व्हीपीएन बंद ठेवून सीएमडी (विंडोजची काळी कमांड खिडकी) उघडा आणि ipconfig टाइप करून एंटर मारा. वायफायखाली 192.168.1.7 असा काहीतरी नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, दिसेल. मग ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा की फोल्डरच्या सर्व्हरचा नंबर काय. तोही 192.168.1 नेच सुरू होत असेल, समजा 192.168.1.10, तर दुखणं सापडलं. आपल्या नागपुरात प्रत्येक लेआउटमध्ये प्लॉट नंबर 10 असतो ना, लेआउटचं नाव न सांगता नुसता प्लॉट नंबर दिला तर माणूस आपल्याच लेआउटमधल्या दहा नंबरच्या घरी जाईल, तसंच होतंय. कॉम्प्युटरला वाटतं 192.168.1.10 घरातच कुठेतरी आहे, तो तिथेच शोधत बसतो, व्हीपीएनच्या वाटेला जातच नाही. 192.168 चे नंबर खाजगी वापरासाठी सगळ्यांना मोकळे आहेत आणि राउटर कंपन्या बहुतेक 192.168.0 किंवा 192.168.1 च लावून पाठवतात, म्हणून नवीन राउटर आला की हे असं जुळून येतं.

उपाय घरचा नंबर बदलायचा. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून राउटरच्या पानावर जा, लॅन (घरच्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये तो नंबर 192.168.57.1 करा (57 च पाहिजे असं नाही, ऑफिसशी जुळणार नाही असा कोणताही चालेल) आणि सेव्ह करा. लगेच वायफाय तुटेल, घाबरू नका, बंद करून परत जोडा, यापुढे राउटरचं पान नव्या नंबरवर उघडेल. घरी वायफायचा प्रिंटर किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर असेल आणि त्याला नंबर हाताने दिलेला असेल तर तोही बदलावा लागेल. एक मात्र कळकळीने सांगतो, राउटरमागचं बारीक रिसेटचं बटण टोचू नका, फायबरवाल्याने भरून दिलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत घरचं इंटरनेटच बंद.

हे करून फोल्डर उघडलं पण मोठी फाइल अर्ध्यात अडकली, तर एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या (डेटाच्या एका तुकड्याच्या) कमाल आकाराचा मामला असू शकतो. साधारण नेटवर्कमध्ये एका पॅकेटची मर्यादा 1500 बाइट असते, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या) कनेक्शनवर 1492, त्यात व्हीपीएनचं स्वतःचं ओझं, मग मोठं पॅकेट जातच नाही. आयटीवाल्यांना सांगून व्हीपीएनचा एमटीयू 1350 च्या आसपास करून घ्या.

प्रश्न : जुना डेस्कटॉप आहे. आमच्या जरीपटक्याला लाइट गेली की नंतर व्हीपीएन सर्टिफिकेट एरर दाखवतं, काहून?

उत्तर : भाऊ, आधी खाली उजवीकडची तारीख बघा, कित्येक वर्षं मागची दिसत असेल. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हर खरा असल्याचा डिजिटल दाखला, तो कधीपासून कधीपर्यंत चालेल ते ठरलेलं असतं, तुमचा कॉम्प्युटर जुन्या तारखेत असला की त्याला ते चुकीचंच वाटणार. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर 2032 सेल असतो, वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं, तो संपलाय. बर्डीवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. प्लग काढूनच बदला, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख-वेळ टाका, मग विंडोजच्या टाइम सेटिंगमध्ये सिंक करा. यूपीएस घेतला तरी हा सेल बदलाच, यूपीएसची बॅटरी उतरली की तारीख परत मागे जाईल.