कडा किती काळ्या कराव्यात?

फोटोत विन्येट, म्हणजे कडांकडे गडद होत जाणारी छटा, किती द्यावी असं विचारलंत. तुमचे फोटो पाहिले. विषय छान निवडताय, पण जवळजवळ प्रत्येक फोटोच्या चारही कोपऱ्यांत काळोख साचलाय. एडिटिंग सॉफ्टवेअरमधला विन्येटचा स्लायडर हळूहळू सरकवा. कडा गडद झाल्याचं डोळ्यांना जाणवलं की तिथून थोडं मागे या. पाहणाऱ्याची नजर विषयाकडे गेली पाहिजे, विन्येटकडे नाही. फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, भरपूर ठेवा. विषय मध्यभागी नसेल तर तयार विन्येट वापरूच नका, ते फ्रेमच्या केंद्राभोवती बसतं. त्याऐवजी रेडियल मास्क (हवा तिथे ठेवता येणारा गोल निवडभाग) घेऊन विषयाबाहेरचा भाग अर्धा स्टॉप (स्टॉप म्हणजे प्रकाशाचं माप) उतरवा. मोकळं आकाश किंवा बर्फ असेल तर कोपरे नुसते मळकट दिसतात. तिथे मोह टाळाच.

काही अंधार लेन्सचाच असतो. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्रावर) तो जास्त दिसतो, एक-दोन स्टॉप बंद केलं की बराच ओसरतो. उरलेल्यासाठी सॉफ्टवेअरमधलं लेन्स प्रोफाइल, म्हणजे त्या लेन्ससाठीची तयार दुरुस्ती, आहे. (एकावर एक दोन फिल्टर चढवले असतील तर मात्र खापर लेन्सवर फोडू नका!)

रेखाचित्रातल्या विन्येटचा मामला वेगळा. तिथे चौकटच नसते, चित्र कडेला कागदात विरून जातं. टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) या इंग्रज कलावंताची लाकडी ठशांवरची चिमुकली चित्रं जरूर बघा. रेघ कुठे सोडायची हे त्यांच्याकडून शिकावं.

लिखाणातल्या विन्येटचंही, म्हणजे छोट्या शब्दचित्राचंही, विचारलंत. एकच प्रसंग, एकच मनःस्थिती घ्या. कथानक लागत नाही. पात्राचा पूर्वेतिहास सांगायची हुक्की आली, तर तेवढी वाक्यं खोडा आणि उरलेलं मोठ्यानं वाचून बघा.